ज्या विहिरीचं पाणी, तिचीच जिवाणी

गेल्या चातुर्मासात आमच्या वाचन मंडळात पुंडलिक नायकांची ‘अच्छेव’ वाचायला घेतली. सुचवली मीच. चातुर्मासात व्याख्यानं, स्तवनं, तपाचे पाल हे सगळं असतंच, मध्ये एखादं आपल्या मातीतलं पुस्तक असावं, एवढाच हेतू. कादंबरी कोंकणीत आहे, 1977 सालची. विद्या पै यांनी ती पुढे इंग्रजीतही नेली. पण देवनागरीतली कोंकणी आम्हा मराठी वाचणाऱ्यांना थोडी अडखळत का होईना, वाचता येते. दहाबारा जणींनी नेटानं पुरी केली.

कोळंब नावाचा गाव आहे. तिथे खाण येते. पंढरी हा शेतकरी, रुक्मिणी त्याची बायको, पदरात मुलं. खाणीचा पैसा गावात येतो आणि शेतावर चालणाऱ्या ह्या घराची घडी हळूहळू विस्कटत जाते. एवढी गोष्ट सांगितली तरी डिचोली तालुक्यातल्या कोणत्याही बाईला पुढचं अंदाजानं सांगता येईल.

चर्चा दीड तास रंगली. पैसा हातात खेळायला लागला की माणूस बिघडतो, हे कुणीतरी म्हटलं. मग दारूचा विषय निघाला. मुलांवरचे संस्कार. बाईनं तरी घर धरून ठेवायला हवं होतं की नको, ह्यावर दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “अपरिग्रह नाही तिथं असंच व्हायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून सभा आटोपली.

घरी येऊन सकाळचं पाणी गाळायला घेतलं तेव्हा मनात आलं, दीड तासात ‘विहीर’ हा शब्द एकदाही निघाला नाही. एका शेतकऱ्याच्या घराची गोष्ट, खाणीच्या गावातली, आणि पाण्याबद्दल आम्हाला काहीच बोलायचं नव्हतं! आम्ही खाण वाचली ती साथीच्या रोगासारखी. आली, माणसं बिघडवून गेली. खाण म्हणजे डोंगराला पाडलेलं भोक आहे आणि त्या भोकातून गावाचं पाणी जातं, ही गोष्ट आमच्या वाचनात कुठे बसलीच नाही. दोष लेखकाचा नाही. वळवईसारख्या मांडवीकाठच्या गावात जन्मलेल्या ह्या माणसानं वयाच्या पंचविशीत हे लिहिलं, तेव्हा खाण म्हणजे प्रगती, असंच सगळे म्हणत होते. वाचण्यात कमी पडलो ते आम्ही. वाचन मंडळातल्या बायकांना हे आवडणार नाही, पण मी स्वतःलाही त्यात धरलंय.

का कमी पडलो, ते पुढे सांगते. आधी डोंगराचं.

आपल्याकडचा डोंगर वरून जांभा दगडाचा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाऊस पिऊन घेणारा. त्याच्याखाली खनिजाचे थर, आणि त्यांतला भुसभुशीत थर हाच मुळी पाणी धरून ठेवणारा. म्हणजे ज्याला कंपनी माल म्हणते आणि ज्याला गाव पाण्याचा साठा म्हणेल, ती वस्तू एकच. चार महिन्यांचा पाऊस डोंगर साठवायचा आणि उरलेले आठ महिने झरीतून, विहिरीतून, नाल्यातून थोडाथोडा सोडायचा. त्यावर वायंगण शेती व्हायची, कुळागरं जगायची. खाण खोल गेली की ती ह्या साठ्याच्या खाली उतरते. मग खड्ड्यात पाणी भरतं. ते उपसल्याशिवाय खणता येत नाही, म्हणून पंप लावतात, रात्रंदिवस. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं आणि पंपातून बाहेर फेकलं जातं. शिरगावात हे खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. लईराईच्या जत्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकींनी ते गाव पाहिलंय. अग्निदिव्याच्या आधी धोंड जिथे तळ्यात उतरून आंघोळ करतात, त्या गावच्या विहिरी आटल्या.

हे झालं खालच्या पाण्याचं. वर एक टन माल काढायचा तर अडीच-तीन टन नुसती माती बाजूला टाकावी लागते. तिचे डंप. पावसाळ्यात डंप वाहतात आणि ती लाल माती नाल्यात, शेतात, नदीत जाऊन बसते. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला. ह्या हिशेबानं मागे किती माती राहिली, ते स्वयंपाकघरात बसूनसुद्धा काढता येईल.

2012 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यातला एक आकडा राहिला, 34,935 कोटी रुपयांचं नुकसान. तो आकडा सगळ्या गोव्याला पाठ झाला. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. 2014 ला अटी घालून परत वाट दिली, 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. ह्या सगळ्या वर्षांत आपण टीव्हीसमोर बसून किती कोटी, किती टन, किती लीज हेच ऐकत आलो. सरकारच्या तिजोरीतून काय गेलं, त्याचा हिशेब लागला. झरीतून काय गेलं, त्याचा आकडा आपण कधी ऐकला? मला तरी आठवत नाही.

आणि मग नळ आला. इथे मला दुसऱ्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे, कारण टीका फक्त कादंबऱ्यांवरच करावी असं कुठे आहे? 2020 च्या ऑक्टोबरात गोवा हे देशातलं पहिलं ‘हर घर जल’ राज्य म्हणून जाहीर झालं. 2022 च्या ऑगस्टमध्ये ते ‘प्रमाणित’ झालं. म्हणजे गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून सांगितलं की आमच्या प्रत्येक घरात नळ आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. मलाही वाटला. पण ह्या तीन शब्दांच्या नावातला मधला शब्द वाचा. घर. घर म्हणजे कोणतं? ज्याला क्रमांक आहे ते. ज्याची जमीन आपल्या नावावर, निदान मुंडकार म्हणून कुठेतरी नोंदलेली, ते. निरंकालला वानरमाऱ्यांची वस्ती आहे. घर आणि कागद मिळवायलाच त्यांची वर्षं गेली. पठारावरच्या धनगर वाड्यांत काय वेगळं? ज्याचं घरच मोजलं गेलं नाही, त्याच्या नळाची टक्केवारी कशी काढणार? शंभर टक्के हा आकडा खोटा नसेलही. तो कशाचे शंभर टक्के हे विचारायचं असतं, आणि घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट. ह्या योजनेत माणशी रोज 55 लिटर हे माप आहे. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं धरलं तर ते ठीकच. पण झरीवर जगणाऱ्या गावड्याच्या घराला फक्त एवढंच पाणी लागत नाही. त्याची गुरं आहेत, भाजीचा मळा आहे, वायंगण आहे. गुरं नळावर जात नाहीत. झर गेली आणि नळ आला, तर कागदावर त्या घराला पाणी मिळालं असं होतं. प्रत्यक्षात त्याची भाजी गेली, दूध गेलं, भात गेलं, आणि तो मजुरीला लागला. तेही कुठे? बऱ्याचदा त्याच खाणीवर. ‘अच्छेव’ मधला पंढरी शेत सोडून खाणीकडे का वळला, ह्याला आम्ही मंडळात ‘मोह’ म्हणत होतो. कादंबरी पुन्हा वाचताना मला तो शब्द फार स्वस्त वाटला.

बाईच्या बाजूनं हे आणखी वेगळं दिसतं. पाणी लांब गेलं की ते आणायचं तिनंच. पोटुशी असली तरी. मग ती काय करते, तर स्वतः कमी पिते. शेतात, रस्त्यावर आडोसा नाही म्हणूनही कमी पिते. लघवीची जळजळ, वारंवारचा ताप, पाठ धरणं ही दुखणी कोणत्या अहवालात ‘खाणीमुळे’ म्हणून येणार? नळ दोन दिवसांनी येतो म्हणून पिंपं भरून ठेवली, की त्यांत डास होतात, घरात डेंग्यू येतो. मग शिबिरातले डॉक्टर तिलाच सांगतात, पाणी उघडं ठेवू नका. बरोबरच सांगतात. पण आपल्या घरात वर टाकी आहे, खाली पंप आहे, बोअर आहे, फिल्टर आहे. पाणी तेच कमी झालं, त्रास मात्र सारखा वाटला गेला नाही.

कुणाच्या वाट्याला तो जास्त आला, तेही बघायला हवं. गावडा, कुणबी, वेळीप ह्यांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली ती 2003 च्या जानेवारीत, गोवा मुक्तीनंतर एकेचाळीस वर्षांनी. 2011 च्या जनगणनेत गोव्यात ह्या लोकांची संख्या 1,49,275 भरली, म्हणजे दहात एक. धनगर समाजाची तीच मागणी अजून पडून आहे. डोंगर, झर, राई हे ज्यांचे देव, तेच लोक जमिनीच्या कागदावर सगळ्यांत शेवटी. केप्यातल्या कावऱ्याच्या आदिवासींनी खाणीविरुद्ध उभं राहून पाहिलं. नंतर त्यांनी सहकारी संस्था काढली, साधना बहुउद्देशीय, आणि म्हणाले, खणायचंच असेल तर आम्हीच, आमच्या देखरेखीखाली खणू. ह्या मागणीवर वाद घालता येईल, मलाही ती पूर्ण पटत नाही. पण बाहेरच्यानं येऊन ठरवण्यापेक्षा ज्याची झर आहे त्यानं ठरवावं, हा त्यातला मुद्दा मला सोडवत नाही.

म्हादईच्या बाबतीत मात्र आपण सगळे एक असतो, हे सांगायला हवं. लवादानं 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं तेव्हा आपण चिडलो. 2023 च्या जानेवारीत साखळीच्या विर्डीला सभा झाली, तिला लोक गेले, घरातली मुलंही गेली. चांगलंच केलं. पण पाणी परक्या राज्यानं नेलं की ती चोरी, आणि आपल्याच डोंगरातून आपल्याच लोकांनी उपसून टाकलं की तो धंदा, हा हिशेब माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

आता येते आपल्याकडे, म्हणजे आपल्या समाजाकडे. मघाशी म्हटलं ना, आम्ही वाचण्यात का कमी पडलो ते सांगते.

आपण पाण्याला जीव मानणारे लोक. अप्काय. मातीलाही पृथ्वीकाय म्हणतो. जगात कुठल्या धर्मानं पाण्याच्या थेंबाला इतकं जपलं असेल! आणि हे नुसतं आकाशातलं तत्त्वज्ञान नाही. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत त्याची पंधरा नावांची यादी आहे, पंधरा कर्मादानं. वंदित्तु सूत्रात ती येते. पक्खी प्रतिक्रमणात आपण ते सूत्र म्हणतो, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा तरी ही नावं आपल्या तोंडून जातात, गाडी घाटात वळणं घेते तशी भराभर. त्यांतली चार इथे मराठीत सांगते. शकटकर्म, म्हणजे गाड्या बनवणं, विकणं. भाटककर्म, म्हणजे भाड्यानं वाहतूक. स्फोटककर्म, म्हणजे जमीन फोडणं, खणणं. आणि चौदावं, सर-द्रह-तडाग-शोषण, म्हणजे तळी, डोह, तलाव आटवणं.

हे मी पहिल्यांदा अर्थासकट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण आमचं दुकान ट्रकच्या सुट्या भागांचं. चीनची मागणी वाढली त्या वर्षांत कारापूर तिस्कावरून सकाळपासून ट्रकांची रांग जायची. धुळीनं तुळस लाल व्हायची, आणि गल्ला भरायचा. मुलीचं शिक्षण, वरचा मजला, पालिताण्याची यात्रा हे सगळं त्यातूनच झालं. आम्ही खणत नव्हतो, आटवत नव्हतो. फक्त ज्या गाडीतून डोंगर जात होता तिचे ब्रेक लायनर विकत होतो. पंधरा कर्मादानं लिहिणाऱ्यांनी खणणारा, वाहणारा आणि गाडी विकणारा अशी तिघांची वेगवेगळी नावं का घातली असतील, ते मला तेव्हा कळलं. त्यांना बहुतेक आपल्यासारखे शहाणे लोक माहीत होते.

ह्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, “मग काय दुकान बंद करायचं? आणि 2012 ला बंद पडलं तेव्हा कोण मेलं? कर्ज काढून ट्रक घेतलेला पोरगाच मेला ना?” हेही खरं. हप्ते थकलेले ट्रक दारात गंजत उभे होते, त्यांत गावड्यांच्या मुलांचेही होते. खाणी बंद हा सोपा उपाय आहे असं मी म्हणत नाही. पण मी विचारलं ते वेगळं होतं, आणि त्याचं उत्तर ह्यांनी दिलं नाही, मलाही आलं नाही.

आपण समाज म्हणून काय केलं? पुष्कळ केलं. रस्त्याला जलमंदिरं बांधली, त्यांवर दात्यांची नावं कोरली. शाळांना पाण्याचे फिल्टर दिले. पर्युषणानंतर आरोग्य शिबिरं भरवली, साखर आणि रक्तदाब तपासला, गोळ्या वाटल्या. मीही त्यांत टेबलावर बसून नावं लिहून घेतलेली आहेत. कुणाच्या दानाला नावं ठेवायची नाहीत. तरी एक विचारते. फिल्टर देताना आपण कधी विचारलं का, की ह्या शाळेची विहीर कुठे गेली? त्या प्रश्नाचं उत्तर कदाचित आपल्याच दात्यांच्या यादीपर्यंत आलं असतं.

आता गाळण्याबद्दल. सासूबाई विहिरीच्या काठावर पाणी गाळायच्या, दुहेरी जाड कापडातून. गाळून झालं की कापड पिळायचं नाही, आपटायचं नाही. ते उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी घालायचं आणि कापडात अडकलेले जीव परत सोडायचे. कुठे? मोरीत नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही. ज्या विहिरीतून पाणी काढलं त्याच विहिरीत, हळू, कळशी पाण्याला टेकवून. ह्याला कुणी जिवाणी म्हणतं, कुणी बिलछानी, गुजराती घरांत संखारा. एका विहिरीची जिवाणी दुसरीत घालायची नाही, कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात मरतो. ह्या नियमाचे दोन भाग आहेत. पहिला, आपल्या पोटात काय जाऊ नये. दुसरा, पाण्याला काय परत द्यायचं. नळ आले, टाक्या आल्या, आणि आपण पहिला भाग धरून ठेवला. दुसरा कधी गळून पडला कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात तोटीला बांधलेली कापडी पिशवी आहे. तीत अडकलेलं मी कुठे सोडते? सिंकमध्ये. अंजुण्याच्या धरणातून वाळवंटीत येणारं, तिथून साखळीच्या केंद्रात शुद्ध होऊन माझ्या तोटीत पडणारं पाणी, त्याची जिवाणी परत नेऊन सोडायची म्हटलं तर मी कुठे जाऊ?

2015 साली केंद्रानं खाणीतल्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं काढायला लावली. तेव्हाच्या नियमानं त्यातला निदान साठ टक्के पैसा पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण अशा कामांवर घालायचा होता, आणि त्या यादीत पहिलं नाव पिण्याच्या पाण्याचं आहे. कायद्याला जिवाणीचा नियम ठाऊक नसेल, पण ज्या गावातून घेतलं त्याच गावाला परत, हा विचार तोच आहे. फक्त परत जातो तो पैसा. पैशातून टाकी होते, पाइप होतो. झर होत नाही. बंद पडलेल्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेलं पाणी उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याला जोडण्याचेही प्रयोग झाले. पाहिलं तर सुंदर दिसतात हे खड्डे, निळेशार. फोटो काढायला लोक जातात.

2022 च्या डिसेंबरात नव्या पद्धतीनं पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला. त्यांतले तीन आपल्याच तालुक्यातले: डिचोली-मुळगाव, शिरगाव-मये, मोंते दी शिरगाव. चौथा काले. आता ट्रक पुन्हा सुरू झाले आहेत. ह्यांनी दुकानात नवीन रॅक मारून घेतली.

कुडण्याला जुन्या बस्तीचे अवशेष आहेत. गुजीर म्हणतात. जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, आत झाडं उगवलेली. कदंबांच्या काळात इथे आपले लोक होते, एवढं त्या भिंती सांगतात. मंडळाला घेऊन मी तिथे गेले. नवकार म्हणून झाल्यावर बायका सावलीत बसल्या. खाली कुडण्याच्या बाजूनं भाजीची टोपली घेऊन एक वयस्क गावडी बाई येत होती. आमच्याजवळ थांबली, अळसांद्याच्या शेंगा आहेत का विचारलं तर आहेत म्हणाली. मी विचारलं, “मळ्याला पाणी कुठलं घालता, आजी?”

“आमचें उदक डोंगरांत आशिल्लें, शेठाणी,” ती म्हणाली. “आतां नळाक येता. कधीं येता, कधीं ना.”

आमच्यापैकी एकीनं तिला बाटलीतलं पाणी पुढे केलं, उकळून गार केलेलं. तिनं हातानंच नको म्हटलं, टोपली उचलली. मग काय वाटलं कोण जाणे, परत वळली आणि बाटली घेऊन निम्मी प्याली.

येत्या महिन्यात मंडळात ‘अच्छेव’ पुन्हा ठेवायची आहे. ह्या वेळी प्रत्येकीनं येताना आपल्या घराचं पाणी कुठून येतं ते लिहून आणायचं, असं मी चिठ्ठीत घातलंय. दोघींनी आत्ताच कळवलंय, त्या दिवशी जमणार नाही.